गोइआनियाची निळी भुकटी

रोग्यास बरें करण्यासाठीं आणलेली वस्तु, तिचें काम संपल्यावर, कोणाची? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु ब्राझील देशांतील गोइआनिया शहरास १९८७ सालीं त्याचें जें उत्तर मिळालें, तें आमच्या वाचकांनीं एकवार लक्षांत घ्यावें असें आम्हांस वाटतें.

तेथील एक खाजगी किरणोपचार संस्था १९८५ च्या सुमारास जुनी जागा सोडून गेली. जातांना तिनें कोबाल्टचें यंत्र बरोबर नेलें. सीझियम-१३७ चें मात्र तेथेंच राहूं दिलें, आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांस त्याची वर्दीही दिली नाहीं. पुढें ती इमारत अर्धवट पाडली गेली. सप्टेंबर १९८७ मध्यें दोघां इसमांनीं, भंगारास किंमत येईल या आशेनें, यंत्राचा मुख्य भाग काढून नेला व एका भंगारवाल्यास विकला.

आंतील द्रव्य शंभर ग्रॅमहूनही कमी होतें. परंतु तें रात्रीं निळसर चमके. भंगारवाल्यानें तें नवलाईचें म्हणून आप्तेष्टांस वाटलें. कोणीं अंगास फांसलें; एका सहा वर्षांच्या मुलीनें त्याच हातांनीं अन्न खाल्लें. घरोघर ओकाऱ्या सुरू झाल्या. रोगाचें मूळ या भुकटींत आहे हें प्रथम ताडलें तें भंगारवाल्याच्या पत्नीनें. २८ सप्टेंबर रोजीं तिनें तें द्रव्य पिशवींत घालून, बसनें, आरोग्य कचेरींत पोंचविलें. दुसऱ्याच दिवशीं अनर्थाचें खरें स्वरूप उघड झालें. ती स्वतः वांचली नाहीं. ती मुलगीही नाहीं. एकंदर चौघे त्या ऑक्टोबरांत दगावले. सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी होऊन २४९ जण दूषित आढळले. मुलीस शिशाच्या पेटींत पुरावें लागलें, आणि त्या दफनासही जमावानें विरोध केला!

अडाण्याच्या माथीं दोष मारणें सोपें आहे. परंतु त्या द्रव्याचें नांव व गुण ज्यांस ठाऊक होते, ते सुशिक्षितच तें टाकून गेले. आणि अर्धशिक्षित शेजाऱ्यांत एक स्त्री अशी निघाली, कीं जिनें तें योग्य दारीं नेलें.

आपल्याकडे योगायोगानें त्याच १९८७ सालीं किरणोत्सर्गी कचऱ्याचे नियम झाले. इस्पितळांतील सुया, पट्ट्या इत्यादींसाठीं १९९८ व पुन्हां २०१६ सालीं नियम होऊन रंगवार विभागणी ठरली. नियम चांगलेच आहेत. परंतु सुई टाकणारा हात निराळा आणि कचरा उचलणारा हात निराळा असतो. त्या दुसऱ्या हातास पहिल्याकडून काय मिळत आहे, हें सांगण्याचें कर्तव्य कोणत्याही रंगाच्या पिशवीनें पार पडत नाहीं, असें आमचें मत आहे.