घड्याळातली साखळी कुणी जोडली?

आज गोष्ट आहे इंग्लंडमधल्या बायकांची आणि घड्याळातल्या एका साखळीची.

जुन्या काळी खिशातल्या घड्याळाला किल्ली द्यावी लागे. किल्ली दिली की आतली स्प्रिंग घट्ट गुंडाळली जाई आणि सुटता सुटता चाकं फिरवी. अडचण अशी, की सुरुवातीला स्प्रिंगचा जोर जास्त आणि नंतर कमी. मग घड्याळ कधी पुढे, कधी मागे.

यावर कारागिरांनी तोड काढली. आपलं जातं आठवा. खुंटा मधल्या खिळ्यापासून लांब असला तर जातं हलकं फिरतं, जवळ असला तर जड जातं. तसाच भोवऱ्यासारखा निमुळता एक भाग घड्याळात बसवला आणि त्याच्या खाचांत साखळी गुंडाळली. स्प्रिंग जोरात असते तेव्हा साखळी भोवऱ्याच्या बारीक टोकाला ओढते, जोर ओसरला की रुंद बाजूला. त्यामुळे चाकांना दिवसभर सारखीच ओढ मिळते.

ही साखळी वीतभरसुद्धा नसे, आणि जाडी दोऱ्याएवढी. घडण सायकलच्या चेनसारखी. पोलादाच्या पट्टीतून इवल्याशा चकत्या ठोकून काढायच्या, त्यांची भोकं जुळवायची, त्यांतून तारेचा तुकडा ओवून ठोकायचा. एका साखळीत असे शेकडो तुकडे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर क्राइस्टचर्च नावाचं गाव आहे. १७९० च्या सुमारास रॉबर्ट कॉक्स यांनी तिथे हा धंदा सुरू केला. साखळ्या जोडायचं काम बायका आणि मुली करत. गावात निराधारांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घेणारं एक घर होतं, तिथल्या मुलीही या कामाला लावल्या. कित्येक बायका घरीच बसून साखळ्या जोडत. एवढं बारीक काम तासन्‌तास करून डोळे दुखत, नजर अधू होई.

पुढे अशी साखळी न लागणारी घड्याळं स्वस्तात मिळू लागली आणि हे काम बंद पडलं. निराधारांच्या त्या घरात आज संग्रहालय आहे.

जुन्या घड्याळांवर घड्याळजीचं नाव कोरलेलं सापडतं. साखळी जोडणारीचं नाव कुठेच नसतं. मैत्रिणींनो, आपल्या गटातही कुणी निवडतं, कुणी शिवतं, कुणी पाकिटं भरतं. मालाचा हिशेब मांडताना त्या प्रत्येक हाताचं नाव वहीत लिहा. आणि बारीक काम करणारीचे डोळे वेळेवर तपासून घ्या.