दस्तक आणि उलट नोंद

मुंबई बंदराच्या मुखापलीकडे, अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाला असलेल्या मांडव्याच्या पुढ्यातील समुद्रात अठराव्या शतकाच्या आरंभी व्यापारी गलबताने केवळ निशाण फडकावून भागत नसे. सरखेल कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) जकात घेऊन जहाजांना दस्तक, म्हणजे संचाराचा परवाना, देत असत आणि ते जवळ नसलेले गलबत धरले जाई. पोर्तुगीजांचा कार्ताझ हा याच जातीचा, त्याहून जुना परवाना होता. इंग्रजांनी स्वतःच्या पासाच्या बळावर दस्तक मानण्याचे नाकारले, तेव्हा वाद गलबताच्या नावाचा नव्हता, तर त्या नावाला कोणाचा शिक्का लागतो याचा होता.

संगणकांच्या जाळ्यात हाच वाद वेगळ्या रूपाने उभा राहिला. प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता, म्हणजे आकड्यांचा क्रमांक, असतो. माणसाला लक्षात राहील असे नाव त्या क्रमांकाशी जोडणारी डीएनएस ही विभागून ठेवलेली नोंदवही पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली आणि क्रमांकावरून नाव शोधण्याची उलट सोयही तिच्यात तेव्हापासूनच होती. या सोयीत २०३.०.११३.२५ हा क्रमांक २५.११३.०.२०३ असा उलटा लिहून एका राखीव शाखेखाली शोधतात, कारण नावात मोठा अधिकार शेवटी येतो, तर क्रमांकात तो आरंभी असतो. तेथे सापडणाऱ्या नोंदीला पीटीआर म्हणतात.

मात्र ही शाखा नावाच्या मालकाकडे नसते. ती क्रमांक वाटणाऱ्यांच्या साखळीने खाली येते. आशिया-प्रशांत विभागात ती एपनिककडून, भारतात २०१२ पासून आयआरआयएनएन या राष्ट्रीय नोंदणी संस्थेमार्फतही, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपर्यंत पोहोचते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा बहुतेक ग्राहकांना या नोंदीची गरजच नव्हती. पुढे नको असलेल्या जाहिरात-टपालाचा पूर आला आणि टपाल घेणारे सर्व्हर पाठवणाऱ्याच्या क्रमांकावरून नाव व त्या नावावरून पुन्हा तोच क्रमांक मिळतो का, हे पडताळू लागले. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने ही जुळणी सर्वच प्रेषकांना आवश्यक केली. जुळणी म्हणजे प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे (दस्तक तरी कुठे तसे होते?), क्रमांक देणाऱ्याला हे नाव मान्य आहे, एवढेच तीवरून कळते.

म्हणून मांडव्यातील घरात स्वतःचा टपाल-सर्व्हर चालवू पाहणाऱ्याने डोमेन विकत घेतले, त्याची सरळ नोंद स्वतः केली, तरी काम अर्धेच होते. त्याने कंपनीकडून न बदलणारा आयपी पत्ता घ्यावा, टपाल पाठवण्याचे २५ क्रमांकाचे पोर्ट खुले आहे का ते विचारावे, आणि सर्व्हर स्वतःची ओळख ज्या नावाने देतो नेमके तेच नाव पीटीआरमध्ये लिहून देण्याची मागणी त्याच कंपनीकडे लेखी करावी.