हिंगणघाटच्या प्रेसपासून घरच्या लिफ्टपर्यंत

जड वस्तु उचलावी कशी, हा मनुष्याचा फार जुना प्रश्न आहे. मोटार आल्यावर त्याला नवें रूप आलें. कारण मोटारीचा जो भाग वारंवार तपासावा लागतो, तोच नेमका तिच्या पोटाखालीं असतो. आज कांहीं हौशी गृहस्थ आपल्या मोटारखान्यांतच लिफ्ट बसवून घेतात. बटण दाबतांच दीड-पावणेदोन टनांची गाडी माणसाच्या डोक्यावर जाऊन उभी राहते. हें यंत्र नवलाईचें वाटतें खरें. परंतु त्याच्या पोटांतील युक्ति वर्धा जिल्ह्याला शंभरांहून अधिक वर्षें परिचित आहे. ती ओळख कापसानें करून दिली.

१८६२ सालीं नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यांत आला आणि १८६६ सालीं पालकवाडीच्या जागेवर वर्धा शहर वसूं लागलें. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ पर्यंत, अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तेथील कापूस बंद पडतांच लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे हिंदुस्थानाकडे वळले, आणि हिंगणघाटच्या कापसाचें नांव विलायतेच्या बाजारांत गाजलें. १८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वर्ध्यावरून नागपुरास पोंचली. वाट खुली झाली. अडचण उरली ती एकच. रुई वजनानें हलकी, पण जागेला भारी. सैल रुईनें डबा भरतो, वजन मात्र थोडेंच जातें. म्हणून तिला दाबून घट्ट गांठी बांधणें प्राप्त झालें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हिंगणघाट, पुलगांव व वर्धा येथें जिन आणि प्रेस उभे राहिले ते या गरजेपोटीं. ३९२ पौंड रुई एका गांठींत कोंबावयाची, तर माणसाच्या बाहूंचें बळ तेथें अपुरें पडणार. म्हणून मोठ्या प्रेसमध्यें द्रवाच्या दाबाचें बळ कामीं लावण्यांत आलें.

या बळाचें शास्त्र फ्रान्समधील पास्कल या पंडितानें मांडलें. त्याचा द्रवांच्या समतोलावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ सालीं, प्रसिद्ध झाला. बंद भांड्यांतील द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला कीं तो सर्वत्र सारखाच पसरतो, हें त्याचें तत्त्व. श्रोत्यांनीं एक हिशेब मनाशीं करून पाहावा. एक चौरस इंच तोंडाच्या दट्ट्यावर ५० पौंडांचा भार दिला, तर त्याच द्रवाला लागून असलेला ८० चौरस इंचांचा दट्ट्या ४,००० पौंड उचलतो. मात्र मोठा दट्ट्या एक इंच वर जाण्यास लहान दट्ट्याला ८० इंच चालावें लागतें. निसर्गाच्या दुकानीं फुकट कांहीं मिळत नाहीं.

तत्त्व कळलें, तरी यंत्र होण्यास १७९५ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें जलदाबाच्या प्रेसचें पेटंट घेतलें. दट्ट्याच्या कडेनें पाणी झिरपे, हा त्यांतील मोठा दोष. दाब वाढेल तशी अधिकच घट्ट बसणारी चामड्याची कडी घालून तो दोष दूर करण्याचें श्रेय ब्रामाचा कारागीर हेन्री मॉड्स्ले यास दिलें जातें. पुढें १९२५ च्या सुमारास अमेरिकेंतील मेंफिस शहरीं पीटर लुनाटी यानें हीच युक्ति मोटारीकडे वळविली. न्हाव्याच्या वरखालीं होणाऱ्या खुर्चीवरून त्याला ती सुचली, असें सांगतात. आतां पाण्याच्या जागीं तेल आलें. त्यानें लोखंड गंजत नाहीं व दट्ट्याला वंगणही मिळतें.

वर्ध्याच्या घरीं अशी लिफ्ट बसवावयाची, तर पहिला विचार यंत्राचा नव्हे, जमिनीचा करावा लागतो. ज्या काळ्या मातीनें कापूस दिला, तीच येथें अडून बसते. पावसांत ती फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावरची फरशी वर्षागणिक हलते. यास्तव काळी माती खणून काढावी, मुरूम धुमसून भरावा आणि त्यावर सळ्यांसह कांक्रीट घालावें. दोन खांबांच्या लिफ्टमध्यें सगळा ताण खांबांच्या बुडाशीं असलेल्या बोल्टांवर येतो. तेथें कांक्रीटची जाडी किमान चार इंच तरी धरतात, आणि कारखानदार अधिक सांगेल तर अधिक. २८ दिवस गेल्याखेरीज कांक्रीटला हिशेबाचें बळ आलें असें मानीत नाहींत. तोंवर घाई करूं नये. चार खांबांची लिफ्ट भार वांटून घेते, म्हणून घरगुती कामास ती पुष्कळांना सोईची वाटते. छताची उंचीही आधींच मोजावी. पांच फूट उंचीची गाडी सहा फूट वर गेली कीं अकरा फूट तेथेंच संपतात.

प्रेस आणि लिफ्ट यांची जात एक असली, तरी एक भेद विसरतां येत नाहीं. प्रेसच्या दाबाखालीं रुई असते. लिफ्टच्या भाराखालीं माणूस उभा राहतो. तेल झिरपलें, नळी फुटली, तर पास्कलचें तत्त्व तेथेंच संपतें. म्हणून प्रत्येक चांगल्या लिफ्टच्या खांबांत लोखंडी खटके असतात. गाडी वर नेल्यावर ती किंचित् खालीं घेऊन त्या खटक्यांवर टेकवावी, मगच खालीं शिरावें. साध्या जॅकलाही हाच नियम लागू आहे. जॅक उचलण्यासाठीं, तोलून धरण्याचें काम लोखंडी घोडीचें. उचलणें हें द्रवाचें काम आणि धरून ठेवणें हें लोखंडाचें, एवढा विवेक ज्या घरीं पाळला जाईल, त्या घरांतच लिफ्ट शोभेल.