गवताच्या दिवसांत मुलं कुठं असतात?

मागच्या वेळी आपण संशोधनाचा विषय आणि संशोधनाचा प्रश्न यांतला फरक बघितला. 'आदिवासी बालपण' हा विषय झाला, त्यात प्रश्न कुठंच नाही. मग प्रश्न येतो कुठून, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. खरं सांगायचं तर माझा प्रश्न ग्रंथालयात मिळाला नाही. तो वाणगावात, शेताच्या बांधावर, माझ्या सात वर्षांच्या मुलीनं विचारला. आज त्याचीच गोष्ट सांगते. गोष्टीच्या निमित्तानं साधनं कशी वाचायची हेही बोलू.

आमच्या घरी नवरात्र ते दिवाळी हा फिरायचा मोसम. पाऊस उघडलेला असतो, ऑक्टोबरचं ऊन चटके देत असतं, पण सकाळ अजून मऊ असते. रविवारी आम्ही चौघं निघतो. धाकटा तीन वर्षांचा, अर्धा वेळ बाबाच्या खांद्यावर. कधी स्टेशनापलीकडच्या मिरच्यांच्या वाड्यांकडे, कधी डहाणूच्या समुद्रावर, कधी कोसबादच्या टेकडीवर. हळवं भात कापून झालेलं असतं, गरवं अजून उभं असतं. माळावरचं गवत पिवळं पडून कमरेइतकं वाढलेलं.

मागच्या वर्षी दिवाळीची सुटी संपली आणि मुलगी शाळेतून आली ती विचारतच, "आई, माझ्या बाजूला बसणारी येतच नाही. तिची आई तिला कुठं फिरायला घेऊन गेलीय?" मला उत्तर माहीत होतं. तिची आई तिला फिरायला नाही, वीटभट्टीवर घेऊन गेली होती. दिवाळी झाली की पालघर जिल्ह्यातून कितीतरी घरं अशी कामाला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलं बरोबर जातात, कारण ठेवायची कुणाकडे? पुढच्या रविवारी बांधावरून चालताना तिनं तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला: "पूर्वीपण असंच होतं का?"

हा इतिहासाचा प्रश्न आहे. तो लहान आहे, नेमका आहे, आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण 'पूर्वी' म्हणजे कधी? इथं पहिली शिस्त लागते. मी एकच शरद ऋतू निवडला: 1945 सालचा. कारण त्या एका वर्षात या भागाबद्दलची चार वेगवेगळी साधनं एकमेकांजवळ येतात.

पहिलं, वारल्यांचा लढा. मे 1945 मध्ये तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची परिषद झाली. वेठ आणि लग्नगडी या प्रथा मोडायचं तिथं ठरलं. (लग्नगडी म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी जमीनदाराकडे राबणारा माणूस. बहुतेक वेळा त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबायची.) पाऊस संपल्यावर गवतकापणीचा संप आला. मागणी होती 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसं गेली, त्यांत जेठ्या गांगड होते. हा सगळा काळ गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला आहे. ते 1970 साली निघालं.

दुसरं, त्याच 1945 च्या अखेरीस ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. 1957 मध्ये ते काम कोसबादच्या टेकडीवर आलं. तिसरं, के. जे. सावे यांचं वारल्यांवरचं इंग्रजी पुस्तक, तेही 1945 चंच. आणि चौथं साधन म्हणजे एक माणूस. जिव्या सोमा मशे यांचा जन्म 1934 चा, म्हणजे त्या शरदात ते साधारण अकरा वर्षांचे होते.

एकाच वर्षात लढा, बालवाडी, मानववंशशास्त्राचं पुस्तक आणि पुढे चित्रकार होणारा एक मुलगा. पण अभ्यासात ही चार साधनं सहसा चार वेगळ्या कपाटांत असतात: राजकीय इतिहास, शिक्षणाचा इतिहास, मानववंशशास्त्र आणि कला. त्यांना एका महिन्यात आणून बसवायचं, एवढंच मी केलं.

ते कसं केलं, ते सांगते. एक मोठा कागद घ्या. आडवे बारा रकाने पाडा, पण जानेवारीपासून नको. ज्येष्ठापासून सुरू करा, कारण शेतकऱ्याचं वर्ष पावसापासून सुरू होतं. वरच्या ओळीत शेतीचं काम, खाली सण, त्याखाली शाळेच्या सुट्या, त्याखाली कागदपत्रांतल्या तारखा. इंग्रजी तारीख मिळाली की ती पंचांगाशी ताडून बघा. 10 ऑक्टोबर 1945 ही तारीख नुसती वाचली तर काही बोलत नाही. ताडून बघितली की कळतं, ते नवरात्राचे दिवस होते, आश्विनाचा शुद्ध पक्ष चालू होता. म्हणजे पाऊस ओसरतोय, हळवं भात कापणीला आलंय, गवत तयार आहे. ते उभं राहून वाळायच्या आत, वेळेत कापलं नाही तर कस जातो. संप याच वेळी का झाला, हे हा कागदच सांगतो. गवत थांबू शकत नव्हतं, तीच मजुरांची ताकद होती.

गवताला एवढी किंमत कशामुळे? मुंबईमुळे. शहरातल्या तबेल्यांना आणि घोड्यांना चारा लागायचा. ठाणे जिल्ह्यातल्या माळांवरचं गवत दाबून, गाठी बांधून रेल्वेनं तिकडे जायचं. आपण आज ज्या लोहमार्गावरून सुटीला मुलांना घेऊन येतो-जातो, त्याच मार्गानं.

आता आकड्याकडे येऊ. 500 पौंड म्हणजे सुमारे 227 किलो. जुनं माप नेहमी आजच्या मापात करून बघा, हातांना वजन जाणवलं पाहिजे. आणि मग विचारा, ही मजुरी दिवसावर नव्हे, वजनावर का मोजली जाते? मजुरी दिवसावर असली तर किती माणसं कामाला आली हे मोजावं लागतं. वजनावर असली तर फक्त गवत मोजायचं. ते कुणी कापलं, कुणी गोळा केलं, भारा कुणी बांधला आणि बाप कापत असताना तान्ह्याला सावलीत कोण घेऊन बसलं, याची नोंद करायची गरजच राहत नाही. वहीत एक नाव, एक वजन, एक रक्कम.

इथं घाई करू नका. 'म्हणजे मुलं गवत कापत होती' असं मी लिहिलं तर तो पुरावा नाही, अंदाज आहे. मला एवढंच म्हणता येतं: मजुरीची पद्धतच अशी होती की मूल कामात असलं तरी कागदावर दिसणार नाही. कागदावर मूल नाही याचा अर्थ माळावर मूल नव्हतं, असा होत नाही. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, खूप ठिकाणी उपयोगी पडेल.

मग मूल दिसतं कुठं? ते दुसऱ्या कपाटात दिसतं. ताराबाईंनी बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हा मुलं आपणहून येईनात. म्हणून बालवाडीच वस्तीत, मुलांच्या अंगणात गेली. महागडी माँटेसरी साधनं सोडून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे आले. आधी आंघोळ, नखं कापणं, केस विंचरणं, मग शिकणं. 'अंगणवाडी' हा शब्द या कामातून रुळला आणि 1975 साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर देशभर गेला. पुढे कोसबादला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून 'विकासवाडी' उभी राहिली. आणि ढोरं राखणाऱ्या मुलांसाठी 'कुरणशाळा' निघाली. मुलं गुरांमागे कुरणात जातात, शाळेत येऊ शकत नाहीत, तर शिक्षकच साहित्य घेऊन कुरणात जाईल.

शिक्षणाचा प्रयोग म्हणून हे आपण शाळेत वाचलेलं असतं. आता हेच इतिहासाचं साधन म्हणून उलटं वाचा. पाळणाघर शाळेला जोडावं लागलं, म्हणजे मोठी भावंडं धाकट्याला कडेवर घेऊन हिंडत होती. त्याला कुठं ठेवायचं हा प्रश्न सुटल्याशिवाय मोठं मूल वर्गात बसणार नव्हतं. शाळा कुरणात न्यावी लागली, म्हणजे शाळेच्या वेळी मुलं कुरणात होती. एखाद्या संस्थेनं स्वतःला कशासाठी वाकवलं ते बघितलं की समोरचं आयुष्य दिसायला लागतं. लढ्याच्या इतिहासात जे मूल दिसत नव्हतं, ते शाळेच्या रचनेत सापडतं. दोन्ही कपाटं एकत्र उघडली म्हणून सापडतं.

तरी सावध राहायला हवं. गोदावरीबाईंचं पुस्तक घटनांनंतर पंचवीस वर्षांनी आलं. अनुताईंचं 'कोसबादच्या टेकडीवरून'ही मागे वळून लिहिलेलं आहे. दोघीही शिकलेल्या, पुण्याकडून आलेल्या. त्यांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही, पण अंगणातलं मूल त्या बाहेरून बघत होत्या. आतून बघणारं काही आहे का? इथं मशे यांची चित्रं आठवतात. गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर ते राहायचे. त्यांच्या चित्रांत शेत कापणारी, मासे धरणारी, ताऱ्प्याभोवती नाचणारी माणसं गर्दी करून असतात. तारपा वाजतो तो पिकं हाती येतात त्या दिवसांतच. म्हणजे हा ऋतू नुसत्या कष्टाचा नव्हता, नाचाचाही होता. पण कागदावरची ही चित्रं 1970 च्या दशकापासूनची, बाहेरच्या प्रेक्षकासमोर आलेली आहेत. लग्नाच्या चौकाची मूळ परंपरा तर बायकांची. तेव्हा चित्राला 1945 चा फोटो समजू नका. ती एका माणसाची आठवण आहे, आणि आठवणीला जे विचारायचं ते सगळं तिलाही विचारायचं.

माझी एक चूकही सांगते, म्हणजे तुमची टळेल. पहिल्यांदा एका पाड्यावर म्हाताऱ्या माणसांशी बोलायला गेले तेव्हा मी विचारलं, "लहानपणी सुटीत काय करायचात?" समोरच्या आजी माझ्याकडे बघत राहिल्या. शेवटी त्यांनीच विचारलं, "सुटी कसली?" मी माझं बालपण त्यांच्या ओटीत टाकत होते. सुटीसाठी आधी शाळा लागते, आईबापांना पगारी रजा लागते, फिरायला जायला गाडीभाडं लागतं. 'कौटुंबिक सहल' आपल्याला निसर्गासारखी सहज वाटते, पण तिलाही इतिहास आहे. पुढच्या वेळी मी विचारलं, "गवताला जाताना धाकट्याला कोण सांभाळायचं?" त्या दिवशी दोन तास बोलणं झालं. त्यात काम होतं, भूक होती, आणि ओहोळातले खेकडे धरताना झालेली भांडणंही होती.

शेवटची गोष्ट आठवते ती खेकड्यांमुळे. या विषयावर लिहिताना दोन खड्डे समोर असतात. एक, 'निसर्गाच्या कुशीतलं निरागस बालपण'. दुसरा, 'शोषणात होरपळलेलं बालपण'. दोन्हींत मूल हरवतं. तलवाड्याच्या गोळीबाराच्या आठवड्यातही कुठंतरी एखादी पोर धाकट्याला कडेवर घेऊन ओहोळात उतरली असेलच. तिचं नाव मला कुठल्याही कागदात मिळणार नाही. पण तिच्यासाठी जागा सोडून लिहिणं माझ्या हातात आहे.

मुलीला मी काय उत्तर दिलं? म्हटलं, "हो, पूर्वीपण असंच होतं. पण तेव्हा दोन बाईंनी शाळा उचलून मुलांकडे नेली होती." ती थोडा वेळ गप्प चालली. मग म्हणाली, "मग आता कोण नेतं?" हा प्रश्न इतिहासाच्या हद्दीबाहेरचा आहे, असं म्हणून सुटता येतं. मला सुटता आलेलं नाही. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाचं टिपण मी त्या रविवारी घरी येऊन लिहायला घेतलं.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम. तुमच्या गावाचा एक महिना निवडा. त्या महिन्यात तुमच्या घरातली मुलं काय करतात ते आधी लिहा. मग त्याच महिन्यात, पन्नास-साठ वर्षांपूर्वी, त्याच गावातली सगळी मुलं तेच करत होती का, हे कोणत्या तीन साधनांवरून कळेल ते लिहा. जिल्ह्याचं गॅझेटिअर बघा, शाळेचा जुना हजेरीपट मागून बघा, आणि घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या आजीपाशी बसा. हजेरीपटात ज्या महिन्यात रिकाम्या जागा वाढतात, तिथं बोट ठेवा. प्रश्न बहुतेक तिथंच सापडेल.

पुढच्या वेळी त्या हजेरीपटाबद्दलच बोलू.