वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर : आरंभीची वर्षे (१९७०–८२)

अमेरिकेतील लास व्हेगस येथे १९७० मध्ये सुरू झालेली पोकर या पत्त्यांच्या जुगाराची स्पर्धा. आदल्या वर्षी टॉम मूर याने रीनो शहरातील आपल्या कॅसिनोत टेक्ससच्या जुगाऱ्यांचा मेळावा भरवला होता. ती कल्पना ‘हॉर्सशू’ कॅसिनोचा मालक बेनी बिनियन याने उचलली.

पहिल्या वर्षी स्पर्धा म्हणावी असे फारसे काही नव्हते. नामांकित खेळाडू रोखीचे डाव खेळले आणि अखेर मतदानाने जॉनी मॉस (१९०७–९५) सर्वश्रेष्ठ ठरला. आधी ज्याने त्याने स्वतःलाच मत दिले, म्हणून दुसरा चांगला खेळाडू कोण असे विचारावे लागले, अशी आख्यायिका आहे. खरी असो नसो, मंडळींच्या स्वभावाला ती धरून आहे.

खरा पालट १९७१ चा. प्रत्येकाने सारखेच ५,००० डॉलर भरून चिप्स घ्यायच्या, त्या संपल्या की टेबलावरून उठायचे; खिशातून भर घालायची नाही. रोखीच्या डावात जिंकणारा हवा तेव्हा उठून जाऊ शकतो, ती सोय येथे उरली नाही. वृत्तपत्रांना छापायला एक विजेता मिळाला : पुन्हा मॉसच. या पद्धतीचे श्रेय सहसा ‘पगी’ पिअर्सन या खेळाडूला देतात.

१९७२ पासून प्रवेशमूल्य १०,००० डॉलर झाले. त्या वर्षी डॉइल ब्रन्सन या खेळाडूने ऐन शेवटी अंग काढून घेतले. जुगारी म्हणून नाव गाजणे त्याला नको होते. विजेता ‘अमॅरिलो स्लिम’ प्रेस्टन मात्र बोलघेवडा. जॉनी कार्सनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात जाऊन त्याने स्पर्धेची जेवढी प्रसिद्धी केली, तेवढी जाहिरातींनी झाली नसती.

पुढे ब्रन्सनने १९७६ व १९७७ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली. दोन्ही अखेरच्या डावांत त्याच्या हाती दश्शी आणि दुर्री हीच पडेल पाने होती. १९७६ मध्ये प्रतिस्पर्धी जेसी ऑल्टोकडे एक्का-गुलाम होते. टेबलावर दोघांना सामाईक अशी एक्का, गुलाम, दश्शी उघडली. ऑल्टोच्या दोन जोड्या झाल्या. मग दुर्री आली, शेवटी दश्शी, आणि ब्रन्सनचे ‘फुल हाउस’ (तीन दश्श्या, दोन दुर्र्या) जमले; दोन जोड्यांहून ते वरचढ. याला कौशल्य म्हणणे धाडसाचेच.

१९७८ पर्यंत सगळी रक्कम एकट्या विजेत्याला मिळे. त्या वर्षापासून ती वाटली जाऊ लागली. १९७९ मध्ये हॅल फाउलर हा हौशी खेळाडू जिंकला. स्पर्धेचा संचालक एरिक ड्राश याने रूढ केलेल्या छोट्या पात्रता-डावांमुळे दहा जणांनी हजार-हजार डॉलर काढून एकाला मुख्य स्पर्धेत धाडणे शक्य झाले. १९८२ मध्ये खेळाडूंची संख्या प्रथमच शंभरापुढे, १०४ वर गेली.