बॅबिलोनचे ग्रहण आणि मंदावणारी पृथ्वी

इ.स.पू. १३६ मध्ये, १५ एप्रिलच्या सकाळी बॅबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसले. तेथील वेधकर्त्यांनी मातीच्या पट्टिकेवर कीलाकार लिपीत त्याची नोंद केली. सूर्योदयानंतर २४ 'उश' लोटल्यावर ग्रहण लागले आणि आणखी १८ उशांनी सूर्यबिंब पूर्ण झाकले गेले. शुक्र व बुध दिसू लागले. त्या दिवसांत सूर्यतेजात लुप्त असलेले गुरू आणि मंगळही प्रकटले. उश म्हणजे आपली चार मिनिटे, अहोरात्रीचा ३६० वा भाग. या मोजमापामागे सुमेरी लोकांची साठावर आधारलेली गणनपद्धती आहे. तासाची ६० मिनिटे आणि वर्तुळाचे ३६० अंश हाही तिचाच वारसा.

या नोंदीचे महत्त्व भौतिकशास्त्राला फार उशिरा उमगले. दिवसाची लांबी तेव्हाही आजइतकीच होती असे मानून गणित केले, तर खग्रास ग्रहणाचा पट्टा बॅबिलोनवरून जातच नाही. तो सुमारे ४९ अंश पश्चिमेकडे, वायव्य आफ्रिका आणि पश्चिम भूमध्य समुद्राकडे सरकतो. ४९ अंश म्हणजे पृथ्वीच्या परिवलनाचे सुमारे सव्वातीन तास. वेध अचूक होता. दिवसाची लांबी स्थिर असल्याचे आपले गृहीतक चुकीचे होते.

चंद्रामुळे उठणाऱ्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे परिवलन मंदावते आणि चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातो. केवळ या कारणाने दिवस शतकाला सुमारे २.३ मिलिसेकंदांनी लांबायला हवा. मात्र रिचर्ड स्टीफन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये बॅबिलोन, चीन, ग्रीस व अरब जगतातील प्राचीन नोंदी तपासून काढलेला दर सुमारे १.८ मिलिसेकंद आहे. या तफावतीचे एक प्रमुख कारण हिमयुगात दडले आहे. त्या काळच्या प्रचंड हिमस्तरांखाली दबलेली ध्रुवांकडील भूमी अजूनही वर येत आहे. त्यामुळे पृथ्वीचा आकार किंचित अधिक गोल होतो आणि परिवलनाला थोडा वेग मिळतो. पृथ्वीच्या अंतरंगाविषयीचे हे ज्ञान मातीच्या पट्टिकांनी पुरवले आहे.

बॅबिलोनी लोकांना याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांच्या दृष्टीने ग्रहण हा राजावरील संकटाचा संकेत होता. तरीही त्यांनी सुमारे सहा शतके ग्रहस्थिती, हवामान, युफ्रेटिसची पातळी आणि जवाचा भावदेखील नियमाने लिहून ठेवला. राजवटी बदलल्या, असुरी, इराणी, ग्रीक, पार्थियन सत्ता आल्या, पण नोंदी थांबल्या नाहीत.

आपल्याकडेही कोडाईकनाल वेधशाळेत १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे जपली गेली आहेत. काचपट्टिकांवरील त्या संग्रहाचे अंकीकरण झाल्यामुळे शतकभरातील सौरडागांचा अभ्यास आज शक्य होतो. तात्काळ निष्कर्ष न देणाऱ्या अशा दीर्घकालीन निरीक्षणांसाठी निधी मागताना 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. इ.स.पू. १३६ मध्ये ती पट्टिका लिहिणाऱ्यालाही या प्रश्नाचे आजचे उत्तर देता आले नसते.