प्राच्यविद्या आणि भाषाविज्ञानाचे अध्ययन : ठाणे–कल्याण–डोंबिवली

ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि आसपासच्या मुलखात अभिजात भाषा, प्राचीन संस्कृती व भाषाविज्ञान यांच्या अभ्यासाची कोणती साधने आहेत आणि त्यांचा अभ्यास कोठे व कसा होतो, याची ही नोंद. ठाणे जिल्ह्यातून २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. साष्टीचा बहुतेक भाग तर त्याच्या कितीतरी आधी मुंबईत गेला. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र जुना, अखंड ठाणे जिल्हाच एकक धरावा लागतो, कारण १८८२ साली निघालेल्या जिल्हा गॅझेटिअरपासून सगळे संशोधन त्याच हद्दीत झाले आहे. साधनांच्या बाबतीत हा मुलूख महाराष्ट्रातील सर्वांत संपन्न भागांपैकी आहे. ग्रीक ग्रंथांतील उल्लेख, ब्राह्मीतील प्राकृत दानलेख, पहलवी लेख, संस्कृत ताम्रपट, जुन्या मराठीतील शिलालेख आणि आजही घरात बोलल्या जाणाऱ्या आगरी, वारली, कातकरी बोली असा सलग पट इथे दोन हजार वर्षांवर पसरलेला आहे. पदव्युत्तर अध्यापन मात्र जवळजवळ सगळे परिसराबाहेर, कलिना, माटुंगा, विद्याविहार आणि पुणे येथे चालते.

या अभ्यासाच्या आधुनिक इतिहासात ठाण्याचे नाव अगदी पहिल्या पानांवर येते. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात बांधकामासाठी खोदाई चालू असताना एक संस्कृत ताम्रपट सापडला. जनरल कारनॅक यांनी तो कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे पाठवला. रामलोचन पंडितांनी त्याचा अर्थ सांगितला आणि त्यावरून केलेले इंग्रजी भाषांतर १७८८ च्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात छापले गेले. शिलाहार राजा अरिकेसरी याचे शके ९३९ (इ.स. १०१७) मधील हे भूमिदान आहे. याच खंडात विल्यम जोन्स यांचे २ फेब्रुवारी १७८६ चे व्याख्यान आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, हा विचार त्यांनी त्यात मांडला. तौलनिक भाषाशास्त्राची सुरुवात बहुतेक पाठ्यपुस्तके याच व्याख्यानापासून धरतात. भाषाविज्ञानाचा प्रत्येक विद्यार्थी हे व्याख्यान वाचतो, पण त्याच खंडात ठाण्याचा ताम्रपट छापलेला आहे हे ठाण्यातल्या विद्यार्थ्यालाही सहसा कोणी सांगत नाही. ते सांगितले पाहिजे. भारतीय कोरीव लेखांचे वाचन कसे सुरू झाले, पंडिताची विद्या आणि छापखाना पहिल्यांदा कसे एकत्र आले, हे इतक्या थेटपणे दाखवणारी उदाहरणे फार थोडी आहेत.

कल्याणचा पूर्वेतिहास ग्रीकमध्ये वाचावा लागतो. इ.स. पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये सोपारा आणि कल्याण ही दोन्ही बंदरे येतात. ग्रंथकाराचे नाव अज्ञात आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे थोरल्या सरगनसच्या काळी कल्लिएना ही रीतसर परवान्याची पेठ होती. पुढे संदनेसच्या ताब्यात ती गेल्यावर तेथील व्यापार अडवला गेला आणि चुकून तिकडे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. सरगनस म्हणजे सातवाहन राजा हे साधारण मान्य आहे. तो नेमका कोणता आणि संदनेस कोण, यावर शंभरांहून अधिक वर्षे वाद चालू आहे. हा वाद सोडवायचा तर ग्रीक मूळ, नाशिक आणि कार्ले येथील प्राकृत लेख आणि क्षहरात राजा नहपानाची नाणी ही तिन्ही साधने एकत्र वाचावी लागतात. एकट्या ग्रीकवर किंवा एकट्या प्राकृतावर तो सुटत नाही. सहाव्या शतकातील कॉस्मस या ग्रीक लेखकाने कल्लियाना येथे इराणहून नेमलेला ख्रिस्ती बिशप असल्याची नोंद केली आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे ठिकाण म्हणजे कल्याणच.

परदेशी लेखकांनी केलेल्या या नोंदींना खुद्द कल्याणकरांची साक्ष आहे, आणि ती कान्हेरीच्या लेण्यांत आहे. तेथील ब्राह्मी दानलेखांत कल्याणच्या रहिवाशांची नावे आढळतात. पाण्याचे टाके दान करणारा समिदत्त नावाचा सोनार त्यांपैकी एक. एका लेखात कल्याणमधील अंबालिका विहाराचा उल्लेख आहे. या विहाराची जागा आज कोणाला दाखवता येत नाही, पण तो होता एवढे या ओळीमुळे निश्चित कळते. राजांच्या प्रशस्तींपेक्षा हे दोन-दोन ओळींचे लेख नवशिक्या विद्यार्थ्याला जास्त उपयोगी पडतात. वाक्यरचना साधी, षष्ठीचे आणि दानवाचक शब्दांचे साचे ठरलेले, त्यामुळे ब्राह्मी अक्षरे आली की थोड्या सरावाने मूळ लेख स्वतः वाचता येतो.

कल्याणहून मुरबाडमार्गे घाटमाथ्यावर जुन्नरकडे जाणारी जुनी वाट नाणेघाटातून जाते. तेथील लेण्यातला, राणी नागनिकेशी जोडला जाणारा सातवाहन लेख यज्ञांची आणि दक्षिणांची लांबलचक यादी देतो. भगवानलाल इंद्रजी यांनी १८७० च्या दशकात त्यातील अंकांचे वाचन प्रसिद्ध केले आणि भारतीय अंकलेखनाच्या इतिहासाला भक्कम आधार मिळाला. भिंतीवर कोरलेल्या राजपरिवाराच्या प्रतिमा आता नाहीत, पण त्यांच्या डोक्यावरची नावे उरली आहेत आणि त्यांत ‘महारठी’ हे पद येते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली यांच्यासह अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याआधीच्या कित्येक वर्षांच्या मांडणीत नाणेघाटाचा दाखला पुनःपुन्हा दिला गेला. याच वाटेवरचे मुरबाड हे जगन्नाथ शंकरशेट (१८०३–१८६५) यांचे जन्मगाव. शालान्त परीक्षेत संस्कृतला सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला दिली जाणारी त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या मानाची समजली गेली. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली होती.

भाषांच्या दृष्टीने सर्वांत रोचक काळ अकराव्या शतकाच्या आरंभीचा. १००९ आणि १०२१ साली कान्हेरीला आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे आणि तिथी पहलवीत कोरून ठेवल्या. त्यांच्या मधल्या काळातच, १०१७ साली, अरिकेसरीचा संस्कृत ताम्रपट लिहिला गेला. अलिबागजवळच्या अक्षी येथील मराठी शिलालेख शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार शके ९३४ चा, म्हणजे १०१२ चा आहे आणि त्यात केसिदेव या राजाचे नाव येते. अरिकेसरीचेच ते दुसरे नाव. अक्षीच्या शकाबद्दल मतभेद आहेत. पण तुळपुळ्यांचे वाचन मानले तर उत्तर कोकणच्या एकाच टापूत, जेमतेम बारा वर्षांत, इराणी, संस्कृत आणि मराठी अशा तीन भाषा लेखनात वापरल्या गेल्याचे दिसते. त्याआधी राष्ट्रकूटांनी संजाण प्रदेशावर एक अरब अधिकारी नेमला होता. डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेल्या शके ८४८ (इ.स. ९२६) च्या संस्कृत ताम्रपटात त्याचे नाव मधुमती असे, म्हणजे मुहम्मदचे संस्कृत रूप होऊन आले आहे. बहुभाषिक समाजाचा अभ्यास करू पाहणाऱ्याने परदेशातील उदाहरणांकडे वळण्याआधी ही उदाहरणे पाहावीत.

कोरीव लेख वाचताना एका अंकाची किंमत केवढी असते, ते अंबरनाथच्या शिवमंदिराने शिकवले. मंदिराच्या उत्तर दाराच्या आतल्या बाजूच्या लेखातील शक डॉ. भाऊ दाजी यांनी ७८२ असा वाचला. पुढे भगवानलाल इंद्रजींनी तपासणी करून तो ९८२ असल्याचे दाखवले. मंदिराचा काळ त्यामुळे दोनशे वर्षांनी अलीकडे, १०६० मध्ये आला आणि शिलाहार राजा माम्वाणीशी त्याचा मेळ बसला. त्याबरोबर कोकणातील मंदिरस्थापत्याच्या विकासाचा सगळा क्रमच बदलला. भाऊ दाजी हे त्या काळातले अव्वल विद्वान होते. झिजलेल्या दगडावरचा अंक त्यांनाही चकवू शकला, म्हणूनच ठसा घेणे, वेगवेगळ्या उजेडात पाहणे आणि दुसऱ्याने स्वतंत्रपणे वाचणे ही शिस्त या शास्त्रात आवश्यक ठरली.

भिवंडी तालुक्यातील लोनाडजवळच्या चौधरपाड्याला केशिदेव (दुसरा) या शिलाहार राजाचा शके ११६१ चा शिलालेख आहे. लोनाडला बौद्ध लेणेही आहे. दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या गधेगळांचा हा सगळा टापू. शिलाहार लेखांचा संग्रह वा. वि. मिराशी यांनी १९७७ साली ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकेरम’च्या सहाव्या खंडात केला. तुळपुळे यांचे ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ त्याआधी, १९६३ साली आले. ही दोन पुस्तके हाताशी असल्याखेरीज या परिसरात पायपीट करण्यात अर्थ नाही. गावोगावी देवळापाशी, विहिरीच्या काठावर किंवा रस्त्याच्या कडेला असे दगड शेंदराखाली किंवा ऑइलपेंटखाली अक्षरे बुजलेल्या अवस्थेत उभे आहेत. रस्तारुंदी आणि इमारतींच्या रेट्यात त्यांतले काही हलतात, आणि मूळ जागा सुटली की लेखाचा निम्मा अर्थ जातो, कारण दान कोणत्या गावचे, सीमा कोणती, हे त्या जागेवरूनच कळते. सदाशिव टेटविलकर यांनी वीरगळ आणि गधेगळ यांच्या नोंदी करण्याचे काम याच भागातून केले. प्राचार्य डॉ. दाऊद दळवी यांनी लेण्यांवर लिहिले आणि कोकण इतिहास परिषदेच्या द्वारे हौशी व व्यावसायिक अभ्यासकांना एका मंचावर आणले.

हिब्रूचा धागाही ठाण्यात आहे. टेंभी नाक्याजवळचे शआर हशामाइम हे सिनेगॉग १८७९ चे. बेने इस्रायल समाज घरात मराठी बोलतो आणि प्रार्थना हिब्रूत करतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई विद्यापीठात हिब्रू हा अभिजात भाषेचा विषय म्हणून घेता येई आणि याच समाजातील जोसेफ इझिकेल राजपूरकर हे विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते. त्यांनी हिब्रूतून मराठीत केलेली भाषांतरे मराठी गद्याच्या अभ्यासकांनी अजून पुरेशी तपासलेली नाहीत.

संस्थात्मक इतिहासात कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (१८६४) आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१ जून १८९३) यांचा क्रम पहिला. ग्रंथसंग्रहालयाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे विनायक लक्ष्मण भावे (१८७१–१९२६) हे विज्ञानाचे पदवीधर आणि व्यवसायाने मिठागरवाले होते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील त्यांचा ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा ग्रंथ आजही मूळ आधार म्हणून वापरला जातो. पुढच्या आवृत्तीला तुळपुळ्यांनी पुरवणी जोडली. जुन्या कवींच्या पोथ्या मिळवून ‘महाराष्ट्र कवि’ मासिकातून छापणे, महानुभावांचे अपरिचित वाङ्मय उजेडात आणणे ही कामे भाव्यांनी विद्यापीठाच्या आधाराशिवाय, ठाण्यात राहून केली. या परिसराच्या विद्याव्यवहाराचे सर्वांत मोठे फळ कोणते असे विचारले, तर भाव्यांचेच नाव घ्यावे लागेल. अलीकडच्या काळात डॉ. विजय बेडेकर यांनी ठाण्यात सुरू केलेल्या प्राच्यविद्या अभ्यास संस्थेने परिसंवाद, ग्रंथालय आणि हस्तलिखितांच्या जतनाचे काम केले आहे.

आजच्या विद्यार्थ्याचा मार्ग साधारण असा असतो. शाळेत आठवीपासून पूर्ण किंवा संयुक्त संस्कृत, उच्च माध्यमिक स्तरावर संस्कृत, पाली किंवा अर्धमागधी यांचा पर्याय. विद्या प्रसारक मंडळाच्या १९६९ मधील महाविद्यालयाने ठाण्यात आणि १९७२ मधील बिर्ला महाविद्यालयाने कल्याणमध्ये पदवीशिक्षण घराजवळ आणले, पण विज्ञान आणि वाणिज्य यांच्याकडे ओढा एवढा, की अभिजात भाषांना पुरेसे विद्यार्थी मिळत नाहीत. विद्यार्थी नाहीत म्हणून पद भरले जात नाही, आणि शिक्षक नाही म्हणून विद्यार्थी दुसरीकडे जातो. त्यामुळे माटुंग्याचे रुईया, विद्याविहारचे सोमैया किंवा प्राचीन भारतीय संस्कृतीसाठी सेंट झेवियर्स ही नावे डोंबिवलीच्या घरांत परिचयाची आहेत. एम.ए.साठी कुर्ल्याला उतरून कलिन्याला जायचे, जिथे मुंबई विद्यापीठाचे संस्कृत, पाली आणि भाषाविज्ञान हे तीन स्वतंत्र विभाग आहेत. नोकरी सांभाळून लिपी, पाली किंवा संस्कृतचे अंशकालीन अभ्यासक्रम करणारे आणि निवृत्तीनंतर एम.ए.ला बसणारे लोक या वर्गांत नेहमी दिसतात. त्यांच्यामुळे वर्गाची पातळी वाढते, कारण त्यांना गुणपत्रिकेची घाई नसते. अधिक खोलात जायचे तर पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था (१९१७) हे पर्याय. डेक्कन कॉलेजात ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत बृहत्कोशाचे काम १९४८ पासून चालू आहे. अध्यापनाच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेत संस्कृत, पाली, प्राकृत, भाषाविज्ञान आणि पुरातत्त्व हे वेगवेगळे विषय आहेत, त्यामुळे एम.ए.चा विषय निवडतानाच पुढचा विचार करावा लागतो. भाषाविज्ञानाच्या पदवीधरांना संगणकक्षेत्रातही वाव आहे. पवईच्या आयआयटीत मराठी आणि संस्कृत शब्दजालांचे काम झाले, ते भाषाजाणकार आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसल्यामुळेच.

भाषाविज्ञानाच्या क्षेत्रकार्यासाठी तर दूर जाण्याची गरजच नाही. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीवरील सातव्या खंडात (१९०५) ठाणे जिल्ह्यातील आगरी, कोळी, वारली, काथोडी (कातकरी), सामवेदी अशा बोलींचे नमुने आहेत. आगरीत ‘ण’चा ‘न’, ‘ळ’चा ‘ल’ आणि दोन स्वरांमधल्या ‘ड’चा ‘र’ होतो, ही वैशिष्ट्ये तेव्हा नोंदली गेली. डोंबिवली, कल्याण आणि भिवंडीच्या गावठाणांत थोरल्यांच्या बोलण्यात ती अजून ऐकू येतात. नातवंडांच्या तोंडी प्रमाण मराठी आणि हिंदी आली आहे, म्हणजे एकाच घरात तीन पिढ्यांतला बदल नोंदवता येतो. वारलीचे वर्गीकरण मराठीत करायचे की भिल्ली–गुजरातीकडे झुकणाऱ्या बोलींत, हा प्रश्न आजही चर्चेत आहे. उल्हासनगरात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांच्या भाषेत श्वास आत ओढून उच्चारायची चार व्यंजने आहेत. ध्वनिविज्ञानाच्या पुस्तकांत त्यांचे वर्णन असते, इथे ती बाजारात ऐकता येतात, आणि या समाजातही तरुण पिढी हिंदीकडे वळते आहे. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींचे ध्वनिमुद्रित सर्वेक्षण केले, त्यामुळे १९०५ चा छापील नमुना आणि आजचा आवाज यांची तुलना शक्य झाली आहे. जुन्या मराठीच्या बाजूने तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९९९ चा जुन्या मराठीचा कोश उपलब्ध आहे. शिलाहार लेखांतील शेती, मीठ, जकात आणि जमिनीच्या मोजणीचे शब्द या कोशात शोधून आगरी–कोळी घरांतल्या आजच्या वापराशी ताडून पाहण्याचे काम अजून पद्धतशीरपणे व्हायचे आहे. त्यासाठी लागणारे लेख छापलेले आहेत आणि बोलणारी माणसे गावात आहेत.